पॅरामेशियम: तळ्यातून बाटलीत, बाटलीतून काचपट्टीवर

"वाळलेल्या पेंढ्याचे तुकडे पाण्यात भिजत घाला, चार-सहा दिवस थांबा, पॅरामेशियम तयार होतात." ही कृती मी विद्यार्थी असताना वहीत उतरवून घेतली आणि शिक्षक झाल्यावर मुलांना तशीच उतरवून दिली. पॅरामेशियम म्हणजे गोड्या पाण्यात राहणारा, एकाच पेशीचा सूक्ष्मजीव. पहिली दोन वर्षं आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहत होतो, तो पॅरामेशियम नव्हताच. राजम्याच्या दाण्यासारखा, आखूड, एका कडेला खाच असलेला तो जीव कोल्पोडा होता. तिसऱ्या वर्षी एका मुलीने पुस्तकातली आकृती सूक्ष्मदर्शकाशेजारी धरली आणि विचारलं, "सर, याचं मागचं निमुळतं टोक कुठंय?" त्या प्रश्नानंतर मी हा विषय पुन्हा पहिल्यापासून शिकलो.

दोघांच्या आयुष्यातला फरक एवढाच, पण फार मोठा आहे. पाणी आटायला लागलं की कोल्पोडा स्वतःभोवती कवच करून घेतो आणि वाळक्या पेंढ्यावर, मातीत, धुळीत तसाच पडून राहतो. पुन्हा पाणी लागलं की कवच फोडून पोहायला लागतो. पॅरामेशियमला हे जमत नाही. तो वाळला की संपला. म्हणून तो पेंढ्यातून कधीच येत नाही, जिवंत पाण्यातून जिवंत पाण्यात जातो. पेंढा हा त्याचा स्वयंपाक आहे, त्याचं बी नाही. दही लावताना दूध कितीही चांगलं तापवलं तरी विरजण नसेल तर दही लागत नाही, तसंच. पुढची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

कोणता पॅरामेशियम हवा?

शाळा-कॉलेजात 'पॅरामेशियम' म्हटलं की बहुतेक वेळा पॅरामेशियम कॉडेटम अभिप्रेत असतो. लांबी साधारण १७० ते ३३० मायक्रोमीटर, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास. पुढचं टोक बोथट, मागचं निमुळतं आणि मागच्या टोकाला थोडी लांब रोमकं, म्हणजे पोहायला वापरायचे केसांसारखे बारीक धागे. 'कॉडेटम' म्हणजे शेपटीचा, तो या झुबक्यामुळे. चांगल्या नजरेला तो सूक्ष्मदर्शकाशिवायही दिसतो. काचेच्या बाटलीमागे काळा कागद धरा आणि कडेने टॉर्चचा प्रकाश टाका. संथपणे सरकणारे पांढुरके ठिपके दिसले आणि ते पृष्ठभागाजवळ दाटले असतील, तर आशा धरायला हरकत नाही.

त्याच तळ्यात त्याचे दोन नातेवाईकही सापडू शकतात. पॅरामेशियम ऑरेलिया आकाराने जवळजवळ निम्मा आणि मागे गोलसर असतो. पॅरामेशियम बर्सारिया हिरवागार असतो, कारण त्याच्या पेशीत शेकडो हिरवी शैवालं राहतात आणि उजेडात साखर बनवून यजमानाला देतात. बर्सारिया दिसायला फार देखणा आहे, पण आत काय चाललंय ते शैवालामुळे नीट दिसत नाही. पहिल्यांदाच पाळणाऱ्याने कॉडेटमच घ्यावा.

हे नाव १७५२ मध्ये जॉन हिल या इंग्रज निसर्गअभ्यासकाने दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'लांबट'. त्याच्याही पाऊणशे वर्षं आधी, १६७६ मध्ये, डेल्फ्ट गावच्या आंतोनी फान लेव्हेनहुकने मिरी पाण्यात भिजत घातली होती. मिरी तिखट का लागते ते त्याला आपल्या भिंगातून पाहायचं होतं. तिखटपणाचं कारण सापडलं नाही, पण त्या पाण्यात असंख्य सूक्ष्मजीव दिसले आणि त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला लांबलचक पत्र लिहून कळवलं. काहीतरी भिजत घालून त्यात काय जन्मतं ते पाहायचं, ही आपली पद्धत इतकी जुनी आहे.

पाणी कुठून आणायचं, कधी आणायचं

महाराष्ट्रात मला सगळ्यात हमखास यश मिळालं ते सप्टेंबरअखेर ते जानेवारी या काळात. भर पावसात तळ्यातलं पाणी सतत बदलत असतं, गढूळ असतं, जीव विरळ असतात. एप्रिल-मेमध्ये उथळ डबकी तापतात. पाऊस ओसरला, पाणी स्थिरावलं, काठची पानं कुजायला लागली की योग्य वेळ आली असं समजावं.

वाहता ओढा नको आणि विहिरीचं नितळ पाणीही नको. गावतळं, कमळाचं कुंड, मंदिरामागचं पाण्याचं टाकं, शेताच्या बांधालगत साचलेलं पाणी ही खरी ठिकाणं. साबणाचा फेस, डिझेलचा तवंग किंवा नुकतीच फवारणी झालेलं शेत दिसलं तर पुढे चला. नुसतं वरचं पाणी बाटलीत भरून आणू नका. पॅरामेशियम जिवाणू खातो, आणि जिवाणू असतात कुजणाऱ्या गोष्टींच्या अंगावर. जलपर्णीचं एक रोप उपटा आणि तिच्या काळपट, झुपकेदार मुळ्या बाटलीवर धरून ओलं फडकं पिळावं तशा पिळा. चार मिलिलिटर गढूळ पाणी निघतं. अख्ख्या तळ्यात त्याच्याइतकं श्रीमंत पाणी नाही. जोडीला काठची दोन-तीन अर्धवट कुजलेली पानं आणि थोडं आजूबाजूचं पाणी घ्या.

रुंद तोंडाची काचेची बरणी अर्धीच भरा, वरची अर्धी हवेला लागते. झाकण घट्ट लावू नका. प्रत्येक ठिकाणची बरणी वेगळी ठेवा आणि चिठ्ठी चिकटवून तारीख व जागा लिहा. घरी आणल्यावर सगळ्या बरण्या सारख्याच दिसतात.

मुलांना सोबत नेत असाल तर एक कळकळीची विनंती. पावसाळ्यात आणि त्यानंतर साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पायाला किंवा हाताला जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही, गमबूट आणि हातमोजे वापरायचे, परत आल्यावर साबणाने हात धुवायचे. तळ्याचं पाणी तोंडाने ओढून ड्रॉपरमध्ये भरण्याची जुनी सवय कोणाला असेल तर ती आजच सोडावी.

पेंढ्याचं पाणी

बरणी आणण्याच्या दोन दिवस आधीच हे करून ठेवायचं. भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड, दोन्ही चालतं. मला भाताचा पेंढा जास्त मानवला. तणनाशक किंवा कीटकनाशक न मारलेल्या शेतातला मिळवा. शेतकऱ्याला सरळ विचारावं, तो सांगतो.

साधारण १० ग्रॅम पेंढा बोटभर लांबीचा कापून १ लिटर पाण्यात घाला. नळाचं पाणी असेल तर ते आधी २४ तास उघड्या भांड्यात ठेवा, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जाईल. घरच्या आरओ फिल्टरचं पाणी नुसतं वापरू नका. त्यात क्षार फार कमी असतात, आणि ते या जिवाला का झेपत नाही ते पुढे येईलच. पेंढा १५ मिनिटं चांगला उकळा, शेवटी गव्हाचे आठ-दहा दाणे टाका आणि आणखी पाच मिनिटं उकळून गॅस बंद करा. पाणी फिक्क्या चहासारखं झालं पाहिजे. काळ्या काढ्यासारखं झालं तर तेवढंच साधं पाणी घालून पातळ करा. खाद्य जास्त झालं की जिवाणू बेसुमार वाढतात, सगळा प्राणवायू तेच संपवतात आणि पॅरामेशियम गुदमरतात. नवख्यांच्या बाटल्या उपासमारीने क्वचितच मरतात, अतिखाद्याने मात्र सर्रास मरतात.

उकळायचं कशाला, तर पेंढ्यावरच्या कोल्पोडाच्या कवचांचा नायनाट व्हावा म्हणून. पण मग जिवाणूही मरतील आणि पॅरामेशियम खाईल काय? इथे निसर्गाची एक सोय कामी येते. पेंढ्यावर बॅसिलस सबटिलिस नावाचा जिवाणू असतो आणि त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात. फर्डिनांड कोन या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये पेंढ्याच्या पाण्यावरच प्रयोग करून हे दाखवलं. पाणी गार झालं की ते बीजाणू उगवतात. भांड्यावर सुती कापड बांधून दोन दिवस सावलीत ठेवलं की पाणी किंचित दुधाळ होतं आणि वर पातळ साय धरते. ती साय म्हणजे तुमच्या पाहुण्यांचं ताट.

विरजण

दोन दिवसांनी पेंढा काढून टाका, गहू राहू द्या. पाणी तीन-चार काचेच्या बाटल्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर असं वाटा. आता तळ्याच्या बरणीतून पृष्ठभागालगतचं आणि कुजक्या पानाजवळचं पाणी ड्रॉपरने घेऊन प्रत्येक बाटलीत २० मिलिलिटर सोडा. एका बाटलीत मुद्दाम काहीच सोडू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी ती बिनविरजणाची बाटली मुलांना दाखवा. जिवाणू भरपूर, पॅरामेशियम एकही नाही. मी वर्गात सांगितलेल्या कितीतरी गोष्टी मुलं विसरली, ही बाटली विसरली नाहीत.

बाटल्या थेट उन्हात नकोत. पाणी २० ते २७ अंश सेल्सिअसमध्ये राहिलं तर उत्तम. पहिले दोन-तीन दिवस बारीक बारीक, शेपटीने वळवळणारे जीव दिसतील, त्यांच्या मागोमाग मोठे येतात. पाचव्या ते दहाव्या दिवसात पॅरामेशियमची गर्दी झाली पाहिजे. रोज एकाच वेळी एक थेंब तपासून वहीत नोंद करा. कोण आधी आलं, कोण नंतर, कोण नाहीसं झालं, ही नोंदच स्वतंत्र प्रयोग आहे.

एक पेशी वेगळी काढणं

इथे बहुतेकजण थांबतात, पण खरी मजा इथून पुढे आहे. तळ्याच्या विरजणात चार जातींची गर्दी असते, आणि ती फार दिवस एकत्र टिकत नाही. मॉस्कोत गेऑर्गी गाउझ या तरुण जीवशास्त्रज्ञाने पॅरामेशियम ऑरेलिया आणि कॉडेटम आधी वेगवेगळ्या नळ्यांत आणि मग एकाच नळीत वाढवले. वेगळे असताना दोन्ही छान वाढले, एकत्र ठेवल्यावर ऑरेलियाने कॉडेटमला हळूहळू पार संपवलं. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेले हे प्रयोग आजही परिस्थितिकीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असतात. कॉडेटम आणि बर्सारिया मात्र एकत्र टिकले, कारण बर्सारिया तळाशी बसलेलं यीस्ट खात होता आणि कॉडेटम वरच्या पाण्यातलं खाद्य. आपल्यासाठी यातून निघणारी सूचना सोपी आहे: कॉडेटम हवा असेल तर तो आजच वेगळा काढा, पुढच्या महिन्यात बाटलीत तो असेलच असं नाही.

पहिली पायरी गर्दी शुद्ध करण्याची. लांब, अरुंद मानेची बाटली घ्या, मानेच्या बुडापर्यंत तुमचं पॅरामेशियमचं पाणी भरा. त्यावर कापसाचा सैल बोळा बसवा आणि बोळ्याच्या वर अलगद स्वच्छ, क्लोरीन गेलेलं पाणी ओता. पॅरामेशियमचा कल वर, पृष्ठभागाकडे जाण्याचा असतो. काही तासांत ते कापसातून वाट काढत वरच्या स्वच्छ पाण्यात जमा होतात, गाळ आणि साय खाली राहते. मत्स्यालयाचा छंद असलेले लोक फायटर माशाच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना भरवायला हीच युक्ती वापरतात. त्यांच्याकडे याला इन्फ्युजोरिया म्हणतात. तुमच्या गावात विरजण मिळत नसेल तर एखाद्या मासे पाळणाऱ्याकडे चौकशी करून पाहा.

दुसरी पायरी हाताच्या स्थिरतेची. काचेचा ड्रॉपर स्पिरिटच्या दिव्यावर मऊ करून ओढला की केसासारखी बारीक नळी होते. हे काम मोठ्यांनी, डोळ्यांवर चष्मा लावून करावं. काचपट्टीवर वरच्या पाण्याचे छोटे छोटे थेंब ओळीने ठेवा, कमी शक्तीच्या भिंगाखाली एकच कॉडेटम असलेला थेंब शोधा, त्या एकट्याला नळीत ओढा आणि एक मिलिलिटर पेंढ्याच्या पाण्यात सोडा. दुसऱ्या दिवशी दोन-चार दिसतील, आठवड्यात शेकडो. सगळे त्या एकाचेच वंशज.

काचपट्टी तयार करणं

शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. १०० पट वर्धनावर शोधायचं, ४०० पटावर निरखायचं. मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केलेला कागदी फोल्डस्कोप १४० पट वर्धन देतो. त्यातूनही पॅरामेशियम आणि त्याची गती छान दिसते.

अडचण वेगाची आहे. पॅरामेशियम सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर पोहतो, आणि ४०० पटावर तुमचं दृष्टिक्षेत्र जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं. दिसला म्हणेपर्यंत गेलेला असतो. प्रयोगशाळेत मिथिल सेल्युलोजचं घट्ट द्रावण वापरतात. घरी कापूस पुरतो. कापसाचे पाच-सहा तंतू पिंजून काचपट्टीवर विस्कटलेल्या जाळीसारखे ठेवा, त्यावर थेंब, त्यावर कव्हरस्लिप, म्हणजे झाकायची पातळ काच. तंतूंच्या कोनाड्यांत पॅरामेशियम अडकतात, जागच्या जागी रांगत राहतात. शिवाय तंतूंमुळे कव्हरस्लिप थोडी उचललेली राहते आणि जीव चेपत नाही. चेपलेल्या पेशीवर केलेलं कोणतंही निरीक्षण धरू नये.

आरसा किंवा दिवा पूर्ण उघडा ठेवू नका, डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) बराच मिटवा. या जिवाला स्वतःचा रंग जवळपास नाही, जास्त उजेडात तो विरघळल्यासारखा दिसतो.

काय काय पाहायचं

आधी काही शोधू नका, नुसती चाल पाहा. तो चपलेच्या तळव्यासारखा दिसतो, पण चपलेसारखा सपाट सरकत नाही. स्वतःभोवती गिरक्या घेत, मळसूत्रासारखा पुढे जातो. अंगभर हजारो रोमकं असतात आणि ती एकदम नाही, लाटेने हलतात. वाऱ्यावर ज्वारीचं शेत डोलतं तसं. कडेला नजर स्थिर केली तर ही लाट दिसते.

आता तो कापसाच्या तंतूवर आपटेल. पाहा काय करतो: झटकन मागे येतो, थोडा फिरतो, दुसऱ्या दिशेने पुन्हा पुढे. पुन्हा आपटला तर पुन्हा तेच. मेंदू नाही, मज्जातंतू नाही, एकच पेशी आहे. आपटल्याबरोबर पेशीपटलातल्या वाटा उघडून कॅल्शियम आत घुसतं आणि रोमकांच्या वल्हवण्याची दिशा उलटते. कॅल्शियम बाहेर गेलं की पुन्हा सरळ. चिंग कुंग या शास्त्रज्ञाने असे पॅरामेशियम शोधून काढले, ज्यांच्यात जनुकीय बदलामुळे या वाटा उघडतच नव्हत्या. ते मागे येऊच शकत नसत. त्यांना नाव मिळालं 'पॉन', म्हणजे बुद्धिबळातलं प्यादं, कारण प्यादंही मागे येत नाही.

मधल्या भागापर्यंत तिरकी उतरलेली खाच म्हणजे तोंडाची वाट. तिच्या तळाशी जिवाणू गोळा होऊन त्यांचा बुडबुडा बनतो, ती अन्नरिक्तिका. ती सुटते आणि पेशीद्रव्याबरोबर ठरलेल्या वाटेने फिरते, जणू प्रदक्षिणाच. पचलेलं शोषलं जातं, उरलेलं मागच्या बाजूच्या ठरावीक छिद्रातून बाहेर टाकलं जातं. तो क्षण दिसला तर भाग्य समजा, मी मोजक्या वेळाच पाहिला आहे.

केंद्रकं जिवंत पेशीत धूसर दिसतात. मिथिल ग्रीनचा ॲसिटिक आम्ल मिसळलेला एक थेंब कव्हरस्लिपच्या कडेला सोडला की पेशी मरते आणि मोठं केंद्रक हिरवं-निळं उठून दिसतं. त्याला चिकटून एक लहान केंद्रक असतं. मोठं रोजचा कारभार पाहतं, लहान पुढच्या पिढीचा ठेवा सांभाळतं. त्याच वेळी पेशीच्या कडेने सुयांसारखे धागे बाहेर फेकलेले दिसतील. त्या धाग्यांना ट्रायकोसिस्ट म्हणतात.

पंप मोजा

एवढ्या सगळ्यात एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हा करा.

पेशीच्या दोन्ही टोकांकडे एकेक स्वच्छ, गोल बुडबुडा दिसेल. तो फुगतो, भोवती चांदणीसारखे किरण दिसतात, आणि अचानक मिटतो. ही संकोचशील रिक्तिका, म्हणजे पाणी उपसण्याचा पंप. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की बाहेरच्या खारटपणामुळे फोडीतलं पाणी बाहेर सुटतं. पॅरामेशियमचं उलट आहे: आतला रस बाहेरच्या गोड्या पाण्यापेक्षा खारट, म्हणून पाणी अखंड आत शिरतं. उपसलं नाही तर पेशी फुगून फुटेल. तासाभराच्या आत तो आपल्या अंगाएवढं पाणी बाहेर फेकतो. आरओचं पाणी नको म्हणालो ते यासाठी. बाहेर क्षार जितके कमी, तितका पंपावर ताण जास्त.

कृती अशी. १ लिटर पाण्यात १ ग्रॅम मीठ म्हणजे ०.१ टक्के द्रावण. असं ०.१, ०.२ आणि ०.३ टक्क्यांचं द्रावण करा, आयोडीन नसलेलं मीठ मिळालं तर बरं. बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब आणि द्रावणाचे चार थेंब मिसळा, पाच मिनिटं थांबा, काचपट्टी करा. तुलनेसाठी एका काचपट्टीत मीठ न घातलेलं तेच पाणी असू द्या. कापसात अडकलेला एक स्थिर जीव निवडा. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर एका रिक्तिकेच्या सलग दहा मिटण्यांना लागलेला वेळ घ्या आणि दहाने भागा. गोड्या पाण्यात साधारण दहा सेकंदांच्या आसपास एक मिटणं असं दिसेल, तापमानाप्रमाणे कमी-जास्त. मीठ वाढवत गेलात की अंतर लांबत जातं. पुढची आणि मागची रिक्तिका एका तालात चालत नाही. मागची बहुधा जास्त वेगाने मिटते, कारण तोंडावाटे आत आलेलं पाणी तिच्या जवळ असतं.

मोजताना दोन चुका टाळा. काचपट्टी दिव्याखाली तापते, त्यामुळे सकाळचे आणि दुपारचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका. आणि कडेने पाणी सुकायला लागलं की तुमच्या नकळत खारटपणा वाढतो. दहा मिनिटांपेक्षा जुनी काचपट्टी टाकून द्या. प्रत्येक द्रावणात किमान पाच वेगवेगळे जीव मोजा. एका पॅरामेशियमच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या मुलाला मी परत मोजायला बसवतो.

रंगवलेलं यीस्ट

पचन डोळ्यांनी पाहायचं असेल तर कॉंगो रेड हा रंग लागतो. ३ ग्रॅम बेकरीचं यीस्ट, ३० मिलिग्रॅम कॉंगो रेड, १० मिलिलिटर पाणी, मंद आचेवर १० मिनिटं उकळायचं. हा रंग बेंझिडीनपासून बनतो आणि शरीराला घातक आहे, तेव्हा प्रयोगशाळेतच, हातमोजे घालून, शिक्षकांनीच करावं. स्वयंपाकघरात अजिबात नको. सुईच्या टोकावर मावेल एवढंच यीस्ट थेंबात मिसळा. पॅरामेशियम लाल कण गिळतो, अन्नरिक्तिका लाल दिसते. काही मिनिटांत आत आम्ल तयार झालं की तीच निळी-जांभळी होते, आणि पुढे आम्लता उतरली की पुन्हा लालसर. आपल्या जठरात आणि आतड्यात जे वेगवेगळ्या जागी होतं, ते इथे एकाच बुडबुड्यात एकामागून एक होतं. घरी करणाऱ्यांनी इंडिया इंकचा (काळ्या शाईचा) अगदी फिका थेंब वापरावा. रंग बदलणार नाही, पण काळ्या अन्नरिक्तिका मोजता येतील.

दोघे जोडीने दिसले तर

जोडी दिसली की मुलं लगेच म्हणतात, "विभाजन!" आधी पाहा ती जोडली कशी आहे. एकामागे एक, मध्ये कंबर आवळल्यासारखी असेल तर ते द्विविभाजन: आडवं, एकाचे दोन. तोंडाच्या बाजूने एकमेकांना चिकटून शेजारी शेजारी पोहत असतील तर ते संयुग्मन. त्यात संख्या वाढत नाही, दोन येतात आणि दोनच वेगळे होतात. पण दरम्यान प्रत्येकाचं लहान केंद्रक विभागून चार होतं, त्यातली तीन नष्ट होतात, उरलेल्याची दोन होतात आणि त्यातलं एक पलीकडे जातं. अदलाबदल झाली की दोन्हीकडे नवं केंद्रक घडतं, आणि जुनं मोठं केंद्रक विरून त्याच्या जागी नवीन बनतं.

संयुग्मनाला एकाच जातीतले, पण जोडीसाठी दोन वेगळ्या प्रकारचे, किंचित भुकेलेले पॅरामेशियम लागतात. एका पेशीपासून वाढवलेल्या बाटलीत सगळे सहसा एकाच प्रकारचे, त्यामुळे तिथे जोड्या शोधू नका. वेगवेगळ्या तळ्यांच्या दोन बाटल्यांना चार दिवस खाद्य देऊ नका आणि मग सकाळी एकत्र करा. जमलं तर काही तासांतच जोड्या दिसायला लागतात. दर वेळी जमत नाही. चार तळ्यांचं पाणी गोळा केलं तर शक्यता वाढते.

बाटली सांभाळणं

दर तीन आठवड्यांनी नवं पेंढ्याचं पाणी करून जुन्यातलं २० मिलिलिटर त्यात लावा. जुनी बाटली लगेच ओतून देऊ नका, नवीनमध्ये गर्दी झाल्याची खात्री होईपर्यंत ठेवा. अंड्यासारखा वास यायला लागला तर प्राणवायू संपला असं समजून ताबडतोब वरचं पाणी दुसरीकडे हलवा. पाणी अचानक नितळ झालं आणि त्यात पिंपाच्या आकाराचे, सोंडेसारखं टोक असलेले जीव फिरताना दिसले तर तो डिडिनियम. तो आपल्याएवढा किंवा मोठाही पॅरामेशियम अख्खा गिळतो. ती बाटली वाचत नाही, पण उकळून टाकण्याआधी तासभर तिच्यासमोर बसा.

उन्हाळ्यात बाटल्या माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेवतो. विदर्भात-मराठवाड्यात एवढं पुरणार नाही, तिथे कुलरसमोरची सावली लागेल.

आणि एक गोष्ट मला उशिरा कळली. एका पेशीपासून वाढवलेला कॉडेटमचा वंश कायम टिकत नाही. संयुग्मन न होता काहीशे विभाजनं झाली की तो म्हातारा होतो: वाढ मंदावते, वेडेवाकडे आकार दिसतात आणि एक दिवस बाटली रिकामी होते. दीड-दोन वर्षं निगुतीने जपलेली माझी एक बाटली अशी गेली. पाणी, पेंढा, तापमान सगळं तपासलं, चूक कशातच नव्हती. तेव्हापासून प्रयोगांसाठी एका वंशाची बाटली वेगळी ठेवतो आणि शेजारी वेगवेगळ्या तळ्यांच्या कॉडेटमची एक मिश्र बाटली ठेवतो, जिच्यात ते आपापसात जोड्या जुळवू शकतात. शिवाय दर वर्षी घटस्थापनेच्या सुमारास गमबूट घालून पुन्हा तळ्यावर जातो, जलपर्णीच्या मुळ्या पिळून चार मिलिलिटर गढूळ पाणी आणतो आणि मिश्र बाटलीत सोडण्याआधी त्यात डिडिनियम नाही ना, ते थेंब थेंब करून तपासतो.